आधी मुलं मोजायला शिका

इंटर्नशिपला परदेशात निघालेल्या मुलामुलींची पत्रं दर उन्हाळ्याच्या आधी येतातच, यंदा मात्र बहुतेकांचा विषय एकच निघाला. एनजीओत इंटर्न म्हणून निवड झाली आणि तिथे गेल्यावर मुलांच्या समर कॅम्पला मदत करायची आहे, किंवा ऑलरेडी करतोय आणि अडकलोय. म्हणून हा अख्खा कॉलम त्यावरच. नावं काढली आहेत, पत्रं थोडी कापली आहेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी सोशल वर्कच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाहेरच्या एका एनजीओत इंटर्नशिप मिळाली, मी रिसर्च आणि रिपोर्ट रायटिंगसाठी अप्लाय केलं होतं आणि आता त्यांचा मेल आलाय की जुलैत सगळे इंटर्न मुलांच्या निवासी कॅम्पला जाणार, मुलं ७ ते १२ वयाची. मला लहान मुलांचा शून्य अनुभव आहे, घरात मीच शेंडेफळ. तिथली भाषा जेमतेम नमस्कार-थँक्यू एवढीच येते. मी तिथे करणार काय? आणि खरं सांगू का, सीव्हीवर आता 'मुलं सांभाळली' असं लिहायचं का?

उत्तर : अगं, सीव्हीचं नंतर बघू. तू करणार काय ते आधी सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या डोक्यात शेकोटी, गाणी, नाटक असलंच काहीतरी असतं. ते सगळं असतं, नाही असं नाही, पण ते घ्यायला तिथे जुनी मुरलेली माणसं असतात. इंटर्नच्या वाट्याला येतं ते मधलंअधलं काम. नाश्ता झाला, आता तळ्याकडे निघायचंय, तर बाटल्या भरल्या का, टोपी कुणाची राहिली, टॉयलेटला कोण गेलंय आणि अजून आलं नाही, कालचे ओले बूट आज पुन्हा कुणी घातलेत. आणि या सगळ्याच्या वरचं काम म्हणजे मोजणं.

हसू नको, खरंच मोजणं. निघताना मोजायचं, पोचल्यावर मोजायचं, बसमध्ये चढताना, उतरताना, पाण्यात जायच्या आधी, बाहेर आल्यावर. नुसता आकडा नाही, नावानिशी. कारण आठ डोकी बरोब्बर भरतात आणि त्यातलं एक शेजारच्या ग्रुपचं निघतं, आपलं एक तिकडे झाडामागे बीटल शोधत बसलेलं, हे इतकं सहज होतं की ज्याने कधी मुलं मोजली नाहीत त्याला पटत नाही. आकडा मोठ्याने बोलायचा, दुसऱ्या मोठ्या माणसाने आपला आपण वेगळा मोजायचा, मग दोन्ही जुळवायचे. नाही जुळले तर जागचं हलायचं नाही, जेवण थंड होवो नाहीतर बस ताटकळो. नवीन इंटर्नला इथेच संकोच होतो, सगळे थांबलेत माझ्यामुळे, असं वाटतं. थांबू देत की.

म्हणूनच तर किती मुलांमागे एक मोठा माणूस हवा याचे नियम ठरलेले असतात. अमेरिकन कॅम्प असोसिएशन ही १९१० सालापासूनची संस्था, तिच्या निकषात निवासी कॅम्पला ६ ते ८ वयाच्या ६ मुलांमागे एक आणि ९ ते १४ वयाच्या ८ मुलांमागे एक असं प्रमाण आहे. फ्रान्समध्ये सुट्टीतल्या कॅम्पला सहाच्या आतल्या ८ मुलांमागे एक, त्यावरच्या १२ मुलांमागे एक, आणि पाण्यात उतरले की तेच ५ आणि ८ वर येतं. शिवाय तिथे टीममधल्या निदान निम्म्या लोकांकडे 'बाफा' किंवा तशी पात्रता लागते (हा कॅम्पवर काम करायचा कोर्स आहे, १६ व्या वर्षापासून करता येतो) आणि अजिबात ट्रेनिंग नसलेली माणसं २० टक्क्यांच्या वर चालत नाहीत. तर तू मेलला उत्तर लिहिताना पहिला प्रश्न हाच विचार, 'मला या प्रमाणात धरणार आहात की मी जादाचा हात आहे?' धरणार असतील तर ट्रेनिंग किती दिवसांचं, कोण देणार, फर्स्ट एड त्यात आहे का, हे सगळं लेखी मागायचं आणि जादाचा हात असशील तर एकटीच्या जिवावर ग्रुप सोपवणार नाही ना, हेही लेखीच. ज्यांचा कारभार चोख आहे ते अशा प्रश्नाने खूश होतात. टाळाटाळ झाली तर तेही तुला कळलंच.

भाषेचा बाऊ करू नको. डॉरिस ॲलन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सीआयएसव्ही ही संस्था काढली, तिचा पहिला मुलांचा कॅम्प १९५१ मध्ये सिनसिनाटीला भरला आणि तेव्हापासून वेगवेगळ्या देशांतली अकरा-अकरा वर्षांची मुलं, एकमेकांची भाषा येत नसताना, आठवडेच्या आठवडे एकत्र राहतायत, भांडतायत, खेळतायत. खेळाचे नियम करून दाखवता येतात. तुला वाक्यं लागतील ती वेगळीच. थांब. इकडे ये. हळू. कुठे दुखतंय, बोटाने दाखव. तुझा जोडीदार कुठे? एक मिनिट, मी मोठ्या ताईला बोलावते. एवढी पंधरावीस वाक्यं घोकून जा, झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत, कारण 'थांब' हा शब्द ज्या वेळी लागतो त्या वेळी फोनमधलं ट्रान्सलेट उघडायला वेळ नसतो. बाकीची भाषा मुलं शिकवतील, आणि शिकवताना त्यांना जो चेव येतो तो बघण्यासारखा असतो, आपल्याहून मोठ्या माणसाला चुका काढून दाखवायची संधी कोण सोडेल. मुलांची नावं मात्र पहिल्या दिवशीच नीट उच्चारायला शीक, जमत नसेल तर त्यांनाच तीनदा म्हणून दाखवायला सांग, पण स्वतःच्या सोयीने नाव छोटं करू नको.

आता सीव्ही. 'मुलं सांभाळली' कशाला लिहितेस, जे केलं ते लिही. निवासी कॅम्पमध्ये एवढ्या वयाच्या एवढ्या मुलांच्या गटाला सहाय्य, रोजचं रजिस्टर आणि हँडओव्हर, चाइल्ड सेफगार्डिंगचं (म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं) ट्रेनिंग. आणि तू रिपोर्ट लिहिणार आहेस ना, मग ज्यांच्याबद्दल लिहायचं ती मुलं, त्यांचे ओले बूट आणि त्यांची भांडणं आधी बघून आलीस तर लाभार्थी संख्या इतकी आणि सेशन्स तितकी यापलीकडचं काहीतरी त्या रिपोर्टात येईल की.

प्रश्न : मी कॅम्पवर आहे आत्ता. मुलं माझे उच्चार ऐकून हसतात, नक्कल करतात. को-ऑर्डिनेटर म्हणते इग्नोर कर. अपमान वाटतो हो.

उत्तर : दहा वर्षांचं पोर नक्कल करतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला तुझ्याशी खेळायचं असतं. तू त्याची नक्कल कर, मग तो तुझी सुधारून देईल, दोन दिवसांत विषय संपतो. पण तुझ्या रंगावरून, देशावरून, धर्मावरून काही बोलत असतील तर ते वेगळं, ते इग्नोर करायचं नसतं. तिथल्या तिथे शांतपणे 'असं इथे बोलायचं नाही' म्हणायचं आणि को-ऑर्डिनेटरला लेखी कळवायचं, कारण जो तुला बोलतो तो उद्या कॅम्पवरच्या दुसऱ्या मुलालाही बोलणार आणि त्या मुलाला तुझ्याइतकं बोलता येणार नाही.

प्रश्न : नमस्कार. माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. त्याला बाहेरच्या एका संस्थेने इंटर्नशिप दिली आहे, ऑफिसचं काम आणि उन्हाळ्यात मुलांचा कॅम्प. तिथला माणूस फोनवर म्हणाला की टुरिस्ट व्हिसावरच या, आम्ही पगार देत नाही म्हणजे ते काम होतच नाही. मुलगा म्हणतो आई तू उगाच शंका काढतेस. मी खरंच उगाच काढतेय का?

उत्तर : नाही हो, अजिबात उगाच नाही. पगार नाही म्हणजे काम नाही, हा हिशोब त्या माणसाचा झाला, इमिग्रेशनवाल्यांचा नाही. प्रत्येक देशाचं वेगळं असतं म्हणून सरसकट उत्तर देता येत नाही, पण दोन उदाहरणं सांगते म्हणजे किती बारकाईने बघावं लागतं ते लक्षात येईल.

ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलेल्या माणसाला रजिस्टर्ड चॅरिटीत व्हॉलंटियरिंग करता येतं, पण फक्त ३० दिवसांपर्यंत. त्याहून जास्त असेल तर चॅरिटी वर्कर व्हिसा काढावा लागतो, तो १२ महिन्यांपर्यंतचा असतो आणि त्यासाठी संस्थेकडे स्पॉन्सर म्हणून लायसन्स असावं लागतं.

अमेरिकेचं आणखी मजेशीर आहे. तिथे जे-१ व्हिसात (हा परदेशातून शिकायला, अनुभव घ्यायला येणाऱ्यांचा एक्सचेंज व्हिसा) 'कॅम्प काउन्सेलर' अशी स्वतंत्र कॅटेगरी आहे, वय किमान १८, मुदत जास्तीत जास्त ४ महिने, आणि काम मुलांबरोबरचंच पाहिजे, त्या व्हिसावर आलेल्याला ऑफिसात बसवणं किंवा भांडी घासायला लावणं नियमात बसत नाही. आणि 'इंटर्न' ही दुसरी कॅटेगरी, ती १२ महिन्यांपर्यंत, तिचा ट्रेनिंग प्लॅन डीएस-७००२ नावाच्या फॉर्मवर लिहून त्यावर सह्या होतात, आणि या कॅटेगरीत मुलं सांभाळायचं काम देता येत नाही, स्पष्ट मनाई आहे. म्हणजे बघा, एकच मुलगा, एकच संस्था, पण सहा महिने ऑफिस आणि मध्ये पंधरा दिवस कॅम्प असं संस्थेने आपल्या मनाने ठरवलं तर कुठल्याही बाजूने पाहिलं तरी गडबड होऊ शकते. अशा वेळी संस्थेला नाही विचारायचं, व्हिसाच्या स्पॉन्सरला, म्हणजे ज्या एजन्सीमार्फत तो जे-१ व्हिसा निघतो तिला, विचारायचं आणि फोनवर नाही, मेलवर. निस्तरायची वेळ आली तर ती तुमच्या मुलावर येणार, त्या फोनवाल्यावर नाही.

इन्शुरन्सचंही विचारा. जे-१ वाल्यांना एका आजारपणाला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचं कव्हर असावं लागतं, बाकी देशांत नियम वेगळे असतील, पण मुलांच्या मागे धावताना पाय मुरगळणं हे काही अपघाताने होत नाही, ते होतंच. पॉलिसीत कॅम्प, पाणी, ट्रेकिंग वगळलेलं नाही ना तेवढं वाचून घ्या.

आणि एक, मुलांबरोबर काम आहे तर संस्थेने तुमच्या मुलाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं का? नसेल मागितलं तर मला व्हिसापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. ब्रिटनमध्ये त्यासाठी डीबीएस नावाची सरकारी यंत्रणा आहे, परदेशातून येणाऱ्याकडे त्याच्या देशाचा दाखला मागतात. कुणाचीच चौकशी न करता माणसं मुलांमध्ये सोडणाऱ्या ठिकाणी आपल्या मुलाने जाऊ नये, मग व्हिसा कितीही पक्का असो.

प्रश्न : ताई माझ्या रूममध्ये एक आठ वर्षांचा मुलगा आहे, दिवसभर छान खेळतो आणि रात्री दिवे मालवले की पोट दुखतं म्हणतो, रडतो, आई पाहिजे म्हणतो. नर्सने तपासलं, पोट ठीक आहे. मी त्याला म्हटलं तीन दिवस राहा मग नाहीच वाटलं बरं तर आपण आईला बोलावू. आता तो रोज दिवस मोजतोय. त्याला हसवायला गेलो की जास्तच रडतो. बाकीच्या मुलांचीही झोप मोडते.

उत्तर : अरे, पोटदुखी खोटी नाहीये त्याची, एवढं आधी मनात धर. घरची आठवण लहान मुलांच्या पोटातच जाऊन बसते. आणि ती जवळजवळ प्रत्येक मुलाला थोडीफार येतेच, कुणाला कळते कुणाला नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २००७ मध्ये यावर डॉक्टरांसाठी एक रिपोर्ट काढला होता, त्यात आईवडिलांना सांगितलंय की 'नाही आवडलं तर न्यायला येऊ' असा सौदा मुलाशी करू नका, कारण मग मूल तिथे रमायचं कसं ते शिकतच नाही, सुटकेची वाट बघत बसतं. तुझे तीन दिवस म्हणजे हाच सौदा झाला. तो मोडायचा तर उद्या दुपारी, रात्री नाही, दुपारी, डायरेक्टरशी बोलून घे आणि मग त्याला सरळ सांग की आईला बोलवायचं की नाही हे मी ठरवत नाही, मी तसं बोललो ते चुकलं, पण रात्री मी इथेच असतो आणि तुला कसं वाटतंय ते मला सांगत जा. खोटं सांगू नको. उद्या येईल, परवा येईल असलं काही नको.

रात्री काय करायचं ते सांगते. दिवे मालवायच्या आधी अर्धा तास त्याच्यावर लक्ष ठेव. अशी मुलं बहुतेक वेळा बंकवर बूट घालून बसलेली दिसतात, सगळे ब्रश करायला गेले तरी. तिथे त्याला रडू नको म्हणायचं नाही आणि जोकही करायचे नाहीत. बाजूला बसायचं, त्याच्या समोर नाही, बाजूला, आणि घरी या वेळी काय चाललेलं असतं ते विचारायचं. लोकांना वाटतं घराचा विषय काढला तर अजून रडेल. रडेल थोडा, पण तोंडाने सांगितलं की ओझं हलकं होतं. कुत्र्याचं नाव काय, रात्री दार कोण लावतं, असलं काहीतरी. मग एक काम द्यायचं. खरं काम, खेळातलं नाही. टॉर्च घेऊन तुझ्याबरोबर सगळ्या खिडक्या लावल्यात का बघायचं, ओले टॉवेल दोरीवर टाकायचे, उद्याच्या नाश्त्याला कोण कुठे बसणार ती यादी त्याच्या अक्षरात लिहायची. आठ वर्षांच्या माणसाला कुणालातरी आपण लागतो हे कळलं की झोप येते. घरी पत्र लिहायचं असेल तर दिवसा लिहू दे, त्यात 'मला आवडत नाही' लिहिलं तरी खोडायला लावू नको.

फोन लावून देऊ का, हा मोह होईल. तो निर्णय तुझा नाही, डायरेक्टरचा. आईचा आवाज ऐकला की बहुतेक मुलं पुन्हा पहिल्या रात्रीवर जातात आणि तिकडे आईचीही झोप उडते. पण जेवण सोडलं, दोनतीन रात्री झोपच नाही, दिवसाही कोपऱ्यात बसतो, किंवा स्वतःला काही करून घेण्याचं बोलला तर मग वाट बघायची नाही, त्याच क्षणी नर्स आणि डायरेक्टर. काही मुलांसाठी घरी जाणं हेच बरोबर असतं, त्यात कुणी हरलं नाही.

आणि हो, अशा मुलांपैकी एखाद्याचं अंथरूण ओलं होतं. सगळे नाश्त्याला बाहेर पडले की तू मागे थांबून चादर बदल, तशीच दुसरी चादर घाल, ओली बॅगेत भरून लाँड्रीत टाक आणि लाँड्रीवाल्या सहकाऱ्याला सोडून कुणाकडे काही बोलू नको. त्या मुलाला तर नाहीच, त्याला कळतं तुला कळलंय ते. फक्त झोपायच्या आधी सगळ्यांनाच टॉयलेटला पाठवत जा, त्याला एकट्याला नाही.

प्रश्न : मी मुलगा आहे, २३. कॅम्पचं ट्रेनिंग चालू आहे आणि त्यांनी इतके नियम सांगितले की भीतीच बसली. मुलांबरोबर एकटं राहू नको, मांडीवर घेऊ नको, कपडे बदलताना आत जाऊ नको. पण लहान मुलं येऊन बिलगतातच ना? ढकलून द्यायचं का? आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं, 'कुणाला सांगू नको' म्हणाला, तर काय करायचं हे त्यांनी भराभर सांगितलं, मला नीट कळलं नाही.

उत्तर : घाबरू नको, नियम तुझ्यावर संशय म्हणून नाहीत. तेच नियम डायरेक्टर बाईंनाही आहेत, सगळ्यांना आहेत, आणि खरं तर ते तुलाही वाचवतात.

ढकलायचं कशाला. मूल समोरून बिलगलं तर हलकेच बाजूला वळायचं, खांद्याला खांदा लागेल असं, पाठीवर थाप द्यायची, हाय-फाइव्ह द्यायचा, दोन सेकंदांत विषय पुढे न्यायचा, चल बॉल कुठे आहे. मुलाने आधी केलं तरच, तू होऊन नाही. मांडीवर नाही, त्याऐवजी शेजारी जागा कर. गुदगुल्या नाहीत, कुस्ती नाही, पाठीवर घेऊन पळणं नाही, मुलं मागे लागतील तरी नाही. बोलायचं असेल तर बाकीचे दिसतील अशा जागी, ऐकू नाही गेलं तरी चालेल पण दिसलं पाहिजे. रात्री कुणाला टॉयलेटला न्यायचं झालं तर दोन मुलं आणि तू, किंवा दोन मोठी माणसं. सनस्क्रीन तोंडाला, हातापायाला मुलाने स्वतः लावायचं, पाठीला उघड्यावर, विचारून, दुसरं कुणी समोर असताना, आणि काही ठिकाणी तेही चालत नाही म्हणून आपल्या कॅम्पचा नियम बघून घे. मुलं कपडे बदलतात त्या खोलीत स्वतःचा फोन खिशातून काढायचासुद्धा नाही.

आता दुसरा भाग, हा नीट वाच. मूल म्हणालं, 'तुला एक सांगतो पण प्रॉमिस कर कुणाला सांगणार नाहीस', तर प्रॉमिस करायचं नाही. 'मी ऐकतो, पण तुला कुणी त्रास देतंय असं मला वाटलं तर मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल.' एवढं एक वाक्य तिथल्या भाषेत पाठ करून ठेव. काही मुलं मग गप्प होतात, होऊ देत, बरीचशी तरीही सांगतात. सांगताना चेहरा शक्य तितका सरळ ठेवायचा. प्रश्न विचारून खणायचं नाही, 'त्याने तुला मारलं का' असं आपण शब्द पुरवायचे नाहीत, नंतर चौकशी होते तेव्हा त्याने घोटाळा होतो. 'मग काय झालं' एवढंच पुरतं. 'बरं केलंस सांगितलंस, यात तुझी चूक नाही' म्हणायचं. बाहेर आलास की लगेच, रात्र होऊ न देता, मुलाने वापरलेलेच शब्द, वेळ, जागा लिहून काढायची आणि कॅम्पवर सेफगार्डिंगची जबाबदारी ज्या व्यक्तीकडे आहे तिला द्यायचं. इतर इंटर्नशी चर्चा नाही. आणि आरोप त्याच व्यक्तीवर असेल तर तिच्या वरच्याकडे, म्हणून ही दोन नावं आणि नंबर पहिल्याच दिवशी वहीत लिहून घे. अमेरिकेत तर मुलांवरच्या अत्याचाराची माहिती सरकारी यंत्रणेला कळवणं काही व्यवसायांतल्या लोकांना प्रत्येक राज्यात कायद्याने बंधनकारक आहे, काही राज्यांत ते प्रत्येक प्रौढ माणसावर आहे, तू इंटर्न आहेस म्हणून सुटत नाहीस. खरं की खोटं हे शोधणं तुझं काम नाही.

प्रश्न : मला पोहता उत्तम येतं म्हणून मला तळ्यावर ड्युटी दिलीय. लाइफगार्ड आहे एक. मी नक्की काय बघायचं?

उत्तर : पोहता येणं आणि पाण्याकडे बघता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुडणारं मूल हात हलवून ओरडेल असं आपल्याला वाटतं, तसं होत नाही. फ्रँक पिया नावाच्या न्यूयॉर्कच्या लाइफगार्डने १९७० च्या दशकात याचा अभ्यास केला होता, बुडणारा माणूस पाण्यात उभा असतो, तोंड वरखाली होतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कुठून, दोन्ही हात बाजूला पसरून पाणी दाबत राहतो, आणि हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपतं. म्हणजे दंगा करणारी मुलं नाही बघायची, गप्प झालेलं मूल बघायचं. शिडी चढल्यासारखी हालचाल करतंय पण पुढे सरकत नाही, डोकं मागे टाकलंय, केस डोळ्यांवर आलेत तरी बाजूला सारत नाही, हाक मारली तर उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे लाइफगार्डला तिथल्या तिथे ओरडून सांगायचं, स्वतः बिनधास्त उडी मारायची नाही, आधी तरंगणारं काहीतरी फेकायचं.

बहुतेक ठिकाणी जोडीची पद्धत असते. दर थोड्या वेळाने शिट्टी वाजते, प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा, काठावरून मोजणी होते. एखादा हात एकटा वर दिसला तर सगळे बाहेर. मुलं कंटाळतात, 'पुन्हा?' म्हणतात. हो, पुन्हा. आणि ड्युटीवर असताना कुणाशी गप्पा नाहीत, उन्हात अर्ध्या तासापेक्षा जास्त एकाच जागी बसवलं तर बदली माग, नजर थकते.

प्रश्न : स्पष्ट बोलतो. दोन आठवडे जायचं, मुलांबरोबर फोटो काढायचे, परत यायचं, याने त्या मुलांचं काय भलं होतं? हे सगळं व्हॉलंटियर टुरिझमच नाही का?

उत्तर : काही ठिकाणी तसंच आहे, तुमचा राग बरोबर आहे. विशेषतः अनाथाश्रमांत. तिथल्या मुलांना आधीच कुणीतरी सोडून गेलेलं असतं आणि दर पंधरवड्याला नवा दादा, नवी ताई येते, जीव लावते, जाते. वर काही देशांत पाहुणे येतात, पैसे येतात म्हणून आईबाप असलेली मुलं अशा संस्थांत आणून ठेवली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अनाथाश्रमातल्या अशा व्हॉलंटियरिंगचा उल्लेख करून उपाय करायला सांगितलंय. तेव्हा इंटर्नशिपमध्ये अनाथाश्रमात 'मुलांशी खेळणं' असं लिहिलेलं दिसलं तर मी सरळ नको म्हणते.

पण कॅम्प वेगळा, कारण तो मुलासाठीही दोन आठवड्यांचाच असतो. मूल घरून येतं, घरी जातं, मोठी माणसं या कॅम्पपुरती आहेत हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तरी विचारायचे ते प्रश्न आहेतच. कॅम्प इंटर्नसाठी भरवलाय की मुलांसाठी? इंटर्न नाही आले तर कॅम्प होईल का? होणार नसेल तर काहीतरी चुकतंय. कायमचा स्टाफ स्थानिक आहे का, मागच्या वर्षीची माणसं परत आलीत का? जाहिरातीत मुलांचे चेहरे किती आणि ट्रेनिंगची माहिती किती? एवढ्यावरून माझा तरी अंदाज बहुतेक बरोबर येतो. आणि मोठ्या बदलाच्या गोष्टी दोन आठवड्यांच्या इंटर्नने करूच नयेत. रोज वेळेवर हजर राहणारा, न चिडणारा, आकडा जुळवणारा एक माणूस कॅम्पला मिळाला तर त्या दोन आठवड्यांत त्या आठ मुलांना त्याचा उपयोग होतो. तेवढाच होतो, आणि तो काही कमी नाही.

प्रश्न : कॅम्प संपत आलाय. मुलं इन्स्टा आयडी मागतायत, एका मुलीने तर हातावर स्वतःचा नंबर लिहून दाखवला. ग्रुप फोटो टाकायचाय मला, निदान तो तरी टाकू ना? मुलं म्हणतायत टाक.

उत्तर : नको गं. मुलं हो म्हणाली म्हणजे परवानगी झाली नाही, ती आईवडिलांनी द्यायची असते आणि त्यांनी कॅम्पला दिलेली असते, तुझ्या अकाउंटला नाही. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा लोकांच्या खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा लागू आहे, तिथे तर हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न राहिलेला नाही. कॅम्पच्या नावाची पाटी, तळं, तुझे चिखलाचे बूट, याचे फोटो हवे तेवढे टाक. आयडी देऊ नको, रिक्वेस्ट आली तर स्वीकारू नको, आणि हे कॅम्पचा नियम म्हणून सगळ्यांना एकदमच सांग म्हणजे कुणा एकीला आपल्यालाच नाही म्हणाली असं वाटणार नाही. ज्यांना लिहायचंय त्यांनी कॅम्पच्या ऑफिसच्या पत्त्यावर पत्र पाठवायचं, ऑफिस तुला पाठवेल. तू उत्तर लिहिलंस तर तेही ऑफिसमार्फतच जाऊ दे. त्या मुलीने नंबर लिहिला ते आज को-ऑर्डिनेटरच्या कानावर घालून ठेव, आणि हात धुवायला पाठव तिला.